नाल्याकाठचा प्लॉट घेण्याआधी गावाच्या पुराचा इतिहास कसा शोधायचा?

नरखेड तालुक्यातल्या एका शिक्षकांनी विचारलं आहे: गावाच्या कडेला, नाल्याला लागून नवा ले-आउट पडला आहे. दीड हजार चौरस फुटांचा प्लॉट परवडेल अशा भावात मिळतोय. विकणारा म्हणतो, पंचवीस वर्षांत इथं पाणी आलेलं नाही, आणि शेजारचे दोघे-तिघेही तेच सांगतात. वडिलांना मात्र १९९१ चं मोवाड आठवतं आणि ते नको म्हणतात. आपल्या गावाच्या पुराबद्दल इंटरनेटवर काही सापडत नाही. मग हा इतिहास शोधायचा कुठे, पूररेषेवरून काही कळतं का, भरणी करून प्लॉट उंच केला तर चालेल का, आणि प्लॉट घ्यावा की नाही?

सर, वडिलांचं म्हणणं भीतीपोटी आलंय असं समजून बाजूला सारू नका. ३० जुलै १९९१ ला वर्धा नदीच्या पुरात मोवाडची २०४ माणसं गेली आणि पुढे गाव नव्या जागी वसवावं लागलं. तुमच्या भागात ज्यांनी ते पाहिलं, त्यांच्यासाठी पूर ही बातमी नाही. नदीचा उगम मुलताईकडे, सातपुड्यात. तिथून मोवाडपर्यंतचं अंतर फार नाही. वर जोरदार पाऊस झाला की पाणी काही तासांत खाली उतरतं. ऊर्ध्व वर्धा धरण मोर्शीजवळ आहे, म्हणजे मोवाडच्या खाली. त्याचा मोवाडला आडोसा नाही. नदी लहान, चढ-उतार जवळचे आणि वर अडवणारं मोठं काही नाही, अशी जागा मला कायम जास्त धोक्याची वाटत आली आहे. मोठ्या नदीचा पूर निदान वरच्या गावांवरून निरोप देत येतो.

आता विकणाऱ्याच्या ‘पंचवीस वर्षांत पाणी आलं नाही’ या वाक्याकडे वळू. तो खोटं बोलतोय असं मी म्हणत नाही. पण या वाक्यातून काय सिद्ध होतं ते पाहा. पंचवीस वर्षांतून सरासरी एकदा येणारा पूर कोणत्याही एका वर्षी येण्याची शक्यता चार टक्के धरतात. असा पूर सलग पंचवीस वर्षं न येण्याची शक्यता तब्बल ३६ टक्के निघते. म्हणजे जागा पक्की पूरग्रस्त असली, तरी तीनातल्या एका वेळी तिथले लोक शपथेवर सांगतील की पाणी आलं नाही. हिशोब पुढच्या बाजूनेही करा. घर बांधून तीस वर्षं राहायचं ठरवलं, तर त्या काळात असा पूर निदान एकदा येण्याची शक्यता ७० टक्क्यांच्या वर जाते. शंभर वर्षांतून एकदा येणारा, ज्याला लोक ‘आपल्या हयातीत कशाला येतोय’ म्हणतात, तोसुद्धा तीस वर्षांत येण्याची शक्यता २६ टक्के आहे. चौघांत एकाला तो भेटणार. शिवाय त्या पंचवीस वर्षांत ले-आउट नव्हता, वरच्या अंगाला सिमेंटचे रस्ते नव्हते, रपट्याला, म्हणजे नाल्यावरच्या ठेंगण्या पुलाला, कुंपणं टेकलेली नव्हती. तेव्हाचा नाला आणि आजचा नाला एकच धरता येत नाही.

छोट्या गावांत सगळ्यांची नजर नदीवर असते आणि नुकसान बहुतेक वेळा नाला करतो. नागपूरचंच बघा. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडला. अंबाझरी तलाव आधीच भरलेला होता. ओव्हरफ्लोचं पाणी नाग नदीच्या अरुंद पात्रात मावलं नाही, आणि अंबाझरी ले-आउट, डागा ले-आउट, कॉर्पोरेशन कॉलनीतली माणसं झोपेतून उठली ती पाण्यात. चार जीव गेले. त्याआधी ६ जुलै २०१८ ला अडीचशे मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला होता. विधिमंडळाचं अधिवेशन नागपुरात चालू होतं आणि विधानभवनाच्या वीज यंत्रणेत पाणी शिरून कामकाज थांबवावं लागलं. पाऊस २०१८ ला जास्त, माणसं गेली आणि वस्त्या बुडाल्या त्या २०२३ च्या निम्म्याहून कमी पावसात. फरक पडला तो तलाव किती भरला होता, पाऊस किती वेळात पडला आणि पाणी जायला वाट किती होती, यामुळे. म्हणून ‘किती मिलिमीटर पडला’ एवढ्यावर कोणी निष्कर्ष काढत असेल तर थांबवा. सरकारी हिशोबात महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पडला की अतिवृष्टी. शेतीच्या नुकसानीसाठी ते ठीक आहे. नाल्यासाठी प्रश्न असतो तो तासाभरात किती पडला याचा.

तुमच्या नाल्यावरच्या रपट्याशी एकदा जाऊन उभे राहा. नळ किती आहेत आणि त्यांचा व्यास किती, ते टेपने मोजा. खेड्यांतल्या रस्त्यांवर बहुधा ९०० मिलिमीटरचे दोन ह्यूम पाइप (सिमेंटचे नळ) टाकलेले असतात. तसे दोन पाइप, दोन्ही साफ आणि पाणी जोरात धावतंय असं धरलं, तरी सेकंदाला चारएक घनमीटरच्या वर पाणी जात नाही. आता वरून येतं किती ते बघू. नाल्याचं पाणलोट, म्हणजे ज्या जमिनीवरचं पाणी त्यात उतरतं ती, फक्त दोन चौरस किलोमीटर धरा, म्हणजे गावामागच्या शेतांएवढं. तासाला ५० मिलिमीटर पाऊस झाला आणि त्यातलं निम्मं जमिनीत मुरलं, तरी सेकंदाला जवळपास चौदा घनमीटर पाणी रपट्यापाशी येतं. चौदा येतं, चार जातं. उरलेलं दहा रपट्याच्या वरच्या अंगाला तुंबतं, रस्त्यावरून जातं, आणि रस्ता उंच बांधलेला असेल तर बाजूच्या प्लॉटमध्ये पसरतं. तुमचा प्लॉट रपट्याच्या वरच्या अंगाला आहे की खालच्या, हे तुम्ही लिहिलेलं नाही. माझ्या दृष्टीने तो या सगळ्यातला पहिला प्रश्न आहे. पाइपात पऱ्हाटी, प्लास्टिक, मेलेलं जनावर अडकलं की हा चारचा आकडाही राहत नाही.

नालाखोलीकरण झालंय म्हणून आता धोका नाही, असंही तुम्हाला सांगितलं जाईल. खोलीकरणाने पाणी मुरतं आणि विहिरींना आधार होतो. संत्र्याच्या पट्ट्यात त्याची गरज मी जाणतो. पण नाला खोल केला तरी रपट्याचे पाइप तेवढेच राहतात. आणि काढलेली माती काठावरच ढीग करून ठेवली असेल, तर पहिल्या जोरदार पावसात ती परत पात्रात येते किंवा शेतातलं पाणी नाल्यात उतरूच देत नाही.

नाल्याच्या वर काय आहे, हे उगमापर्यंत चालत जाऊन पाहा. एखाद्या रविवारी सकाळी होण्यासारखं काम आहे. पाझर तलाव, गावतलाव, पूर्वेकडच्या तालुक्यांत मामा (माजी मालगुजारी) तलाव, खाणीचा खड्डा, काहीही असो, साठलेलं पाणी दिसलं की पाळ (मातीचा बांध) आणि सांडवा (जादा पाणी बाहेर जायची वाट) बघायचा. पाळीवर बाभळी वाढल्या आहेत का, उंदरा-खेकड्यांची बिळं आहेत का, खालच्या अंगाला ओल किंवा झिरपा दिसतो का. सांडव्यात मुरूम टाकून कोणी पाण्याची पातळी वाढवली आहे का. मासेमारीसाठी किंवा ओलितासाठी हा उद्योग सर्रास चालतो. सांडवा बुजला की पाणी पाळीवरून जातं, आणि मातीच्या पाळीवरून पाणी गेलं की ती फुटायला फार वेळ लागत नाही. साठा पाण्याचाच असतो असंही नाही. कोराडी वीज केंद्राचा खसाळ्याचा राखेचा बांध जुलै २०२२ मध्ये फुटला तेव्हा राख शेतांतून कन्हान नदीपर्यंत गेली होती. तुमच्याकडे राखेचा बांध नाही, पण तपासायची रीत तीच.

आता इतिहास. तो इंटरनेटवर नसला तरी गावात लिहिलेला आहे, आणि एकेक नोंद दुसऱ्या नोंदीशी ताडून पाहता येते.

सगळ्यात भरवशाची जागा म्हणजे रेल्वेचा पूल. नरखेडवरून नागपूर-इटारसी मार्ग जातो. रेल्वेच्या पुलांच्या खांबांवर धोक्याची पातळी आणि आजवरचा सर्वांत उंच पूर रंगवलेला असतो, कित्येकदा वर्षासकट. तुमचा नाला किंवा तो ज्या नदीला मिळतो ती नदी रेल्वेखालून जात असेल, तर तो खांब आधी वाचा. रुळावर चढू नका, खालून दिसतं.

दुसरी जागा तहसील कार्यालय. घरात पाणी शिरल्यावर सानुग्रह अनुदान द्यायचं तर पंचनामा लागतो, आणि पंचनाम्याच्या याद्या नावानिशी, वॉर्डानिशी असतात. तलाठ्याकडे तोंडी विचारून ‘असं काही नाही’ हे उत्तर घेऊन परत येऊ नका. माहिती अधिकारात अर्ज टाका आणि मागणी नेमकी ठेवा: अमुक गाव, अमुक वर्षापासून अतिवृष्टी व पुरामुळे घरांच्या नुकसानीच्या मदतीच्या याद्या. त्यात तुमच्या ले-आउटच्या शेजारचं एक जरी घर निघालं, तरी विकणाऱ्याच्या पंचवीस वर्षांचा निकाल लागला.

तिसरी जागा म्हणजे माणसं, पण त्यांना विचारण्याची पद्धत असते. ‘इथं पूर येतो का?’ असं विचारलं की उत्तर ‘नाही’ येतं. ज्याचं घर तिथं आहे त्याला आपल्या घराची किंमत पाडायची नसते, यात त्याचा दोष नाही. विचारायचं असं: पोळ्याच्या सुमारास नाला भरला की शाळेत जायची वाट कुठून असते? पाणी ओसरल्यावर कचरा कुठल्या झाडाला अडकलेला होता? गोठ्यातली ढोरं कधी रात्री सोडावी लागली का? पीठगिरणीत किंवा दवाखान्यात किती पायऱ्यांपर्यंत पाणी आलं? माणसाला तारीख आठवत नाही, पायरी आठवते. पायरी मोजता येते. आणि बायकांना वेगळं विचारा. घरातला गाळ त्यांनी काढलेला असतो, त्यामुळे तो किती होता हे त्यांना नेमकं ठाऊक असतं.

पायरी सापडली की पुढचं काम गवंड्याचं. त्याच्याकडे लेव्हल पाइप असतो, पाणी भरलेली पारदर्शक नळी. नळीत हवेचा बुडबुडा राहू द्यायचा नाही, एवढी काळजी घ्यायची. नळीचं एक टोक त्या पायरीवर, पाणी जिथं आलं होतं त्या खुणेला धरायचं आणि दुसरं टोक जिथवर पोचेल तिथे भिंतीवर किंवा खांबावर खडूने रेघ मारायची. मग तिथून पुढे, असं करत करत तुमच्या प्लॉटच्या कोपऱ्यापर्यंत यायचं. नाल्याच्या बाजूने जाताना खूण आणि प्लॉट यांच्यातलं अंतर कमी असावं, कारण नाल्याच्या उतारासोबत पुराची पातळीही उतरते; अर्धा किलोमीटर दूरची खूण आणून प्लॉटला लावली तर फसगत होईल. शेवटची रेघ प्लॉटच्या जमिनीपासून किती उंच आली ते टेपने मोजा. गुडघ्याएवढी की कमरेएवढी, हे डोळ्यांना दिसतं. एका दिवसाच्या मजुरीत तुम्हाला जे कळतं, ते कुठल्याही जाहिरातीत नसतं.

कागदांकडेही वळावं लागेल. एनएचा (जमीन अकृषिक केल्याचा) आदेश आहे आणि प्लॉट मंजूर आहे, एवढ्याने जागा कोरडी ठरत नाही. भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशा काढा आणि त्यावर नाला कुठून वाहताना दाखवलाय ते पाहा. आपल्या विदर्भात निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज हे आणखी दोन कागद असतात. गावाचे गुरचरण, पाणवठे, वाटा, पाण्यावरचे हक्क त्यात नोंदलेले असतात. जुन्या नकाशात नाला वळण घेऊन जातो आणि आज तो ले-आउटच्या कडेने सरळ रेषेत जातोय असं दिसलं, तर नाला वळवला आहे. नाल्याचं जुनं वळण म्हणजे सखल पट्टा. वरून भरणी टाकली तरी मोठ्या पावसात पाणी आधी तिकडेच धाव घेतं. तुमचा प्लॉट त्या वळणात बसत असेल तर माझं उत्तर ‘घेऊ नका’ असंच आहे, भाव कितीही पडला तरी.

पूररेषेबद्दल तुम्ही विचारलंत. निळी रेषा म्हणजे ढोबळमानाने पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत नवं बांधकाम निषिद्ध, निळ्या-लालच्या मधल्या पट्ट्यात अटींसह परवानगी. या रेषा जलसंपदा विभाग आखतो, त्याही मुख्यतः नद्यांच्या. छोट्या गावाच्या नाल्याची रेषा बहुधा आखलेलीच नसते. त्यामुळे ‘नकाशावर पूररेषा नाही’ याचा अर्थ ‘पूर नाही’ असा लावू नका. कोणी मोजलेलं नाही, एवढाच तो अर्थ. म्हणून तर लेव्हल पाइपचा खटाटोप.

जमिनीचाही एक भाग आहे. तुमच्याकडची काळी माती जूनमध्ये भेगाळलेली असते आणि पहिले पाऊस अक्षरशः पिऊन टाकते. जुलैच्या शेवटापासून ती फुगून बंद होते, मग तोच पाऊस पडला तरी जवळजवळ सगळा नाल्यात येतो. मोवाड जुलैच्या अखेरीस, अंबाझरी सप्टेंबरात. म्हणून प्लॉट बघायला उन्हाळ्यात जाणाऱ्यांना मी नेहमी सांगतो, सौदा पोळ्यापर्यंत लांबवा. सलग दोन-तीन दिवस पाऊस झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन उभं राहिलं, की निम्मे प्रश्न तिथेच सुटतात.

वडिलांना आणि घरच्यांना पुराइतकीच आणखी एका गोष्टीची काळजी घ्यायला सांगा. काटोल-नरखेडच्या शेतांत वीज पडून माणसं दगावतात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं, विजेचा इशारा देणारं ‘दामिनी’ अ‍ॅप फोनवर असू द्या, आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक घरात लिहून ठेवा. 

आता निर्णय. प्लॉट रपट्याच्या वरच्या अंगाला असेल, किंवा जुन्या वळणात असेल, किंवा शेजारच्या पुराची रेघ प्लॉटवर तीन फुटांच्या वर येत असेल, तर सोडून द्या. तीन फूट वाहतं पाणी म्हणजे भिंत आणि माणूस दोन्हींना धोका. त्याच्या निम्म्यात मोटारगाडी तरंगते. रेघ फूट-दीड फुटावर येत असेल आणि बाकी सगळं बरं असेल, तर घेता येईल, पण मग घर तसं बांधायचं. जोतं त्या रेघेपेक्षा निदान दीड फूट वर. तळघर नको, आणि मागच्या दाराने पाण्याला बाहेर जायला वाट हवी. विजेचा बोर्ड, मीटर आणि मोटारीचा स्टार्टर छातीच्या उंचीवर. संडासाच्या आउटलेटवर उलटं पाणी रोखणारा व्हॉल्व्ह बसवा. पुराचं पाणी दारातून यायच्या आधी मोरीतून आणि संडासातून येतं, हे पाहिल्याशिवाय लोकांना पटत नाही. गच्चीवर जायचा जिना घराच्या आतून. कंपाउंडची भिंत नाल्याच्या बाजूला भरीव बांधू नका, जाळी लावा. भरीव भिंत पाणी अडवते आणि मग एकदम कोसळते.

भरणी करून प्लॉट उंच करायचा विचार तुम्ही मांडलाय. त्याबाबतीत माझं मत कडक आहे. तुम्ही तीन फूट भरणी केली की तुमच्या वाट्याचं पाणी शेजाऱ्याच्या घरात जातं. पुढच्या वर्षी तोही भरणी करतो. पाच-सात वर्षांत सगळा ले-आउट उंच आणि मागची जुनी वस्ती, जी तुमच्या आधीपासून तिथं आहे, ती खड्ड्यात. अशा वस्त्यांत पूर मोजायला मी गेलो आहे, आणि तिथल्या म्हाताऱ्यांनी विचारलेल्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं: आमच्याकडे आधी पाणी येत नव्हतं, आताच कसं येतं? जोतं खांबांवर उचला, खालून पाणी वाहू द्या. खर्च थोडा वाढतो, पण शेजार बुडत नाही.

विमा स्वस्त आहे आणि लोक घेत नाहीत. १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ ही ठरावीक पॉलिसी सर्वसाधारण विमा कंपन्या देतात, तिच्यात पूर धरलेला आहे. कर्ज देणारी बँक विमा काढते तेव्हा तो कर्जाच्या रकमेपुरता आहे की घराच्या पूर्ण बांधकाम खर्चाचा, हे विचारून घ्या. गाडीच्या पॉलिसीत इंजिनात पाणी गेल्याचं नुकसान बहुधा नसतं, त्यासाठी वेगळं संरक्षण जोडावं लागतं. आणि पाण्यात बंद पडलेली गाडी परत सुरू करायचा प्रयत्न करायचा नाही.

इसार देण्याआधी एवढं करा: रपट्याच्या दोन्ही बाजूंचे फोटो, पाइपांची संख्या आणि व्यास, गाव नकाशाची प्रत, आणि लेव्हल पाइपने आलेल्या रेघेची प्लॉटपासूनची उंची. हे चार हाती आले की मला कळवा, पाणलोट मोजून तुमच्या नाल्याचा हिशोब मी करून देतो. विकणारा घाई करत असेल, तर इसारचिठ्ठीत लिहून मागा की या प्लॉटवर किंवा लगतच्या घरांत पुराचं पाणी आल्याची नोंद निघाल्यास इसार परत. तो सही करायला तयार झाला तर बरंच; नाही झाला, तर तहसीलमधल्या यादीची वाट पाहा.